काहीतरी जळून राह्यलं

कुसुमच्या नवऱ्याचा, दिलीपरावांचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर एक जुना मोबाइल सेट उघडा पडला होता. कर्वेनगरातल्याच एका आजोबांचा, बटणांचा, त्यांच्या मते 'एकदम उत्तम, फक्त आवाज पलीकडे जात नाही' असा. स्क्रू काढून झाले होते, पत्र्याची चौकट उचलून बाजूला ठेवली होती आणि माइकच्या रबरात बसलेली धूळ मी ब्रशने काढत होते. दुपारची वेळ होती. दिलीपराव म्हणाले, "वैशालीताई, कुसुम गेली." थोडं थांबून, "आत्ताच," असं म्हणाले आणि फोन ठेवला. आजोबा काउंटरवरून वाकून बघत होते. माझा चेहरा पाहून त्यांना वाटलं, त्यांच्या फोनचंच काही बरंवाईट झालं. मी म्हटलं, "काळजी करू नका, तुमचा चालेल." आणि खरंच, तो सेट मी पुरा केला, बंद केला, त्यांना त्यांच्या घरी फोन लावायला लावून आवाज जातोय याची खात्री करून घेतली आणि मगच शटर ओढलं. उघडा सेट टाकून जागेवरून उठायचं नाही, हा नियम दुकानात कुसुमनेच घातलेला. तो तिच्यासाठी मोडला असता तर तिने मला आयुष्यभर ऐकवलं असतं... असं मनात आलं आणि मी शटरला टेकून पायरीवर बसले.

कुसुमला जाऊन आता सव्वा महिना होत आला. तिच्याविषयी लिहा असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. माझ्या हातात पेनापेक्षा चिमटाच जास्त राहिलेला. शिवाय गेलेल्या माणसाला साखरेत घोळून वाढायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि कुसुम काही गोड नव्हती. हट्टी होती, चिडकी होती, आणि आपलंच खरं करायची तिला वाईट खोड होती. पण तिच्या मरणात एक गोष्ट अशी आहे की ती मला कुणाला तरी सांगायलाच हवी. कुसुम मेंदूतल्या गाठीने गेली. आता गाठ म्हटली की डोकं दुखेल, चक्कर येईल, उलट्या होतील, असं आपण ऐकलेलं असतं. तिला यातलं काही झालं नाही. तिची गाठ आली ती जळका वास होऊन आली. आणि आम्ही पडलो मोबाइल दुरुस्त करणाऱ्या बायका. जळका वास हा आमच्या रोजच्या पोटापाण्याचा भाग. आम्ही तो वास फोनमध्ये शोधत बसलो आणि तेवढ्या काळात ती गाठ तिच्या डोक्यात निवांत वाढत राहिली.

आमची ओळख आयटीआयमधली. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या वर्गात मुली अगदी मोजक्या. कुसुम यवतमाळकडची, येरवड्याला मामाकडे राहायला आलेली. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "काय वो, तुमच्या पुण्यात हासायले परवानगी लागते काय?" मी म्हटलं, "लागते. अर्ज करा, बघू." ती एवढ्या मोठ्याने हसली की सरांनी आम्हाला दोन टोकांच्या बाकांवर बसवलं. त्यामुळे मैत्री अर्थातच घट्ट झाली. पुढे एका टीव्ही जोडणीच्या कारखान्यात आम्हाला शेजारशेजारच्या टेबलांवर काम मिळालं. ते दिवस असे होते की बाजारात रोज नवी परदेशी चकचकीत वस्तू यायची, सगळे आनंदात होते, आणि आमच्या कारखान्यात मात्र महिन्यागणिक एकेक टेबल रिकामं होत होतं. शेवटी कारखान्यालाच कुलूप लागलं. मी घरी बसून शिवणकाम शिकायच्या विचारात होते. कुसुम दोन दिवस आमच्या घरी येऊन बसली, माझ्या आईच्या हातचं जेवली आणि म्हणाली, "वैशू, आता लोकायच्या खिशात फोन येऊन राह्यले. खिशातली वस्तू पडते, भिजते, फुटते. आपल्याले मरेपर्यंत काम आहे." मरेपर्यंत, हा तिचाच शब्द.

बुधवार पेठेत एका जिन्याखालच्या खोलीत आम्ही मोबाइल दुरुस्ती शिकलो आणि कर्वेनगरात दामलेकाकांचा गाळा घेतला. जवळपास कॉलेजं, मुलींची वसतिगृहं, नव्या सोसायट्या आणि कंपनीच्या बसची वाट पाहत गळ्यात ओळखपत्र घालून उभी असलेली पोरं. गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. फक्त आत आल्यावर दोन बायका बघून लोक विचारायचे, "रिपेअर करणारे कुठेत?" कुसुम शांतपणे सांगायची, "जेवाले गेले. तवर मी पाहते." आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सेट उघडून मोकळी व्हायची. तेव्हाचे सेट उघडायला फार सरळ होते. मागचं झाकण सरकवायचं, बॅटरी काढायची, पुढची बॉडी अंगठ्याने दाबून सोडवायची, चांदणीच्या तोंडाचे स्क्रू काढायचे, की स्क्रीन, रिंगर, बोर्ड, सगळं वाटीतून काढल्यासारखं हातात यायचं. कुसुम ते स्क्रू एका ताटलीत फोनच्या आकारात मांडायची. जो जिथून निघाला तो तिथेच. गडबडीत माझ्या हाताचा धक्का लागून ती ताटली हलली तर दिवसभर बोलायची नाही.

पण तिची खरी खासियत होती तिचं नाक. हातात आलेला सेट ती सुरू करून बघायच्या आधी हुंगायची. लोकांना हसू यायचं. स्वयंपाकघरातला फोन, तपकीर ओढणाऱ्याच्या खिशातला फोन, देवघरात ठेवला जाणारा फोन, हे तिला न सांगता कळे. एकदा एक तरुण मुलगा सेट घेऊन आला तर ही त्याला म्हणाली, "अभिनंदन. मुलगा की मुलगी?" तो गांगरलाच. फोनला बाळाच्या वेखंडाचा वास होता. हे झालं गमतीचं. कामाच्या बाबतीत तर तिचं नाक मीटरच्याही आधी बोलायचं. उघडलेला बोर्ड नाकाशी धरून ती सांगायची, ही कॉइल गेली, हा आयसी भाजला, ही बॅटरी फुगायला लागली, हिला आधी बाहेर काढ. फुगत्या बॅटरीला गोडसर वास येतो, तो मला कित्येक वर्षं येतच नव्हता. नाक चाललं नाही तर मग आमच्या धंद्यातला शेवटचा उपाय. बोर्डाला करंट द्यायचा आणि एकेका भागावर बोट ठेवून कोण तापतंय ते बघायचं. तरी चोर सापडला नाही तर एकेक भाग उचलून काढायचा आणि दर वेळी पुन्हा तपासायचं. जो काढल्यावर दोष जातो, तो चोर. "काढत जायचं," कुसुम म्हणायची, "जो शेवटी राह्यते त्यालेच विचारायचं."

वासाची सुरुवात कधी झाली ते आज नेमकं सांगता येत नाही. बटणांचे फोन मागे पडून काचेचे फोन दिसायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी ती मान वर करून म्हणाली, "काहीतरी जळून राह्यलं." मी सोल्डरिंगचं आयर्न पाहिलं, गरम हवेची हीट गन पाहिली. सगळं जागच्या जागी. काउंटरवर एक बाई उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "हो, येतोय खरा." मलाही येत होता. आता यातली गोम बघा. आमच्या दुकानात सोल्डरचा, फ्लक्सचा, भाजलेल्या बोर्डांचा वास भिंतीत मुरलेला. कुणीही आत येऊन नाक वर केलं की त्याला जळका वास येणारच. तिने विचारावं आणि समोरच्याने प्रामाणिकपणे 'हो, येतोय' म्हणावं, असं कितीतरी महिने चाललं. तिचं दुकान किराणा मालाचं असतं तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणालं असतं, अहो, इथे काही जळत नाहीये, जरा डॉक्टरला दाखवा. आमच्याकडे तसं म्हणायला कुणाला जागाच नव्हती.

मग शोध सुरू झाला. आधी दुरुस्तीला आलेले सेट. रॅकवरचा एकेक सेट तिने खाली घेतला, उघडला, बोर्ड नाकाशी धरला, बंद केला. मग इलेक्ट्रिशियन आला, त्याने सगळं वायरिंग पाहिलं, एक जुना स्विचबोर्ड बदलला. दोन दिवस बरे गेले आणि वास परत. मग स्टॅबिलायझर काढला. मग दुसरा इलेक्ट्रिशियन. शेवटी भिंतीत काही पुरलेलं असेल म्हणून तिने दामलेकाकांना गिलावा फोडायची परवानगी मागितली. काका पायरीवर उभे राहून कमरेवर हात ठेवून म्हणाले, "अहो ताई, मी तुम्हाला गाळा भाड्याने दिलाय, पाडायला नाही दिलेला. गाळ्यात काही जळत नाहीये. जळत असलंच तर तुमच्या डोक्यात जळतंय." आम्ही दोघी त्यावर पुढे कित्येक दिवस हसत होतो. वास आला की कुसुमच म्हणायची, "पाह्य, पेटलं माह्यं डोकं." आता ते हसू आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो.

हळूहळू त्या वासाबरोबर आणखीही काही यायला लागलं. काम करता करता ती थबकायची. चिमटा हातात, डोळे उघडे, पण नजर कशावरच नाही. ओठ चाटल्यासारखे हलायचे, एखादा आवंढा गिळायची, आणि पुन्हा काम सुरू. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई विचार करतायत. मलाही तसंच वाटायचं, कारण आमचं काम मुळात थांबून विचार करायचंच. एकदा अशीच भानावर येऊन ती मला म्हणाली, "वैशू, हे सगळं आधी झालं आहे. ती बाई, तिची निळी पिशवी, तू असंच पाहून राह्यली..." मी म्हटलं, "रोज तेच होतंय, कुसुम. याला धंदा म्हणतात." ती हसली नाही. तिच्या डोळ्यांत तेव्हा मी पहिल्यांदा भीती पाहिली.

या सगळ्यात तिने एका सेटवर संशय धरला. न्यायला कुणी न आलेला, जुना, करड्या रंगाचा, साधा सेट. रॅकच्या कोपऱ्यात पडून असायचा. त्याला काही झालेलंच नव्हतं. चार्जिंगला लावला की मुकाट चालू व्हायचा. पण कुसुमच्या मनाने घेतलं की वास त्याचाच. तिने तो उघडला. स्क्रू ताटलीत मांडले, पत्रा काढला, बोर्ड घासून धुतला, वाळवला, बंद केला. दोन दिवसांनी पुन्हा उघडला. मग तिने तो कपड्यात गुंडाळून खिडकीबाहेर गजाला बांधला. तरी वास आलाच, तेव्हा ती खिडकीशी उभी राहून त्या गाठोड्याकडे अशी बघत होती की मला तिला हाक मारायचं धाडस झालं नाही. धडधाकट वस्तू पुन्हा पुन्हा खोलणारी कुसुम मी कधी पाहिली नव्हती. 'चालता सेट उघडू नये' हे तीच सगळ्यांना सांगायची. पुढे वास घरी, वारज्यालाही जायला लागला. दिलीपरावांनी गॅसची नळी बदलली, मग शेगडी बदलली. कपड्यांबरोबर दुकानातला वास घरी येतो म्हणून ती रोज घरी गेल्या गेल्या डोक्यावरून अंघोळ करायची. ऐन थंडीतही.

एका रविवारी तिने मला वारज्याच्या मागच्या टेकडीवर बोलावलं. सकाळची वेळ होती, वारा भरपूर. तिने फोन घरी ठेवला होता, मलाही ठेवायला लावला होता. नवीकोरी साडी नेसून आली होती, पायात नव्या चपला. आम्ही वर जाऊन एका मोकळ्या खडकावर बसलो. आसपास गवत सुद्धा धड नाही. मी काहीबाही बोलत होते. मध्येच तिने माझं मनगट धरलं. ओठ हलले, नजर गेली, परत आली. मग ती म्हणाली, "आता येऊन राह्यला. तुले?" मी नाक वर केलं. नुसता वारा होता. मी म्हटलं, "नाही गं. काही नाही." तिने मान हलवली, जणू मीटरवर तिला हवा तोच आकडा दिसला होता. "सेट काढले. वायरी काढल्या. दुकान काढलं, घर काढलं. कपडे काढले, चपला काढल्या. सगळं काढून पाह्यलं, वैशू," ती म्हणाली. "आता मीच राह्यले."

खाली उतरताना ती माझ्या पुढे चालत होती, ताठ. मी मागून रडत येत होते आणि तिने एकदाही वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांना म्हणाली, "मले वास येते. जो नाही तो येते." पुढचं सगळं भराभर झालं. मशीनमध्ये डोक्याचे फोटो निघाले. कानाच्या आतल्या अंगाला गाठ होती. दामलेकाका हॉस्पिटलच्या बाकावर येऊन बसले, टोपी काढून हातात धरली. मग म्हणाले, "मी गमतीत बोललो होतो हो." कुसुम म्हणाली, "काका, सगळ्यायच्या आधी तुम्हीच ओळखलं. तुमची फी किती?" त्यांना ते सहन झालं नाही; उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

ऑपरेशन करायचं की नाही, याचा निर्णय तिने घेतला तो मला जन्मभर लक्षात राहील. सर्जन समजावून सांगत होते आणि ती त्यांना विचारत होती, कवटीचा तुकडा कुठून उचलणार, तो परत कसा बसवणार, कशाला धक्का लागू शकतो. ते म्हणाले, "गाठ काढली नाही तर ती जीव घेईल. काढली तर वासाच्या नसांना इजा होण्याची शक्यता आहे. उघडल्याशिवाय पूर्ण सांगता येत नाही." आमच्या दुकानात गेली कित्येक वर्षं हेच वाक्य ती गिऱ्हाइकांना ऐकवत आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला हसूच आलं. "उघडा मग," ती म्हणाली.

गाठ निघाली, वास गेला. तो जळका वास गेला आणि त्याच्याबरोबर सगळेच वास गेले. फोडणी, उदबत्ती, पावडर, गटार, काही म्हणजे काही नाही. डोक्यावर केस पुन्हा आले तशी ती दुकानात येऊन बसायला लागली. सेट हातात घेतला की सवयीने नाकाशी न्यायची, आणि मग माझ्याकडे द्यायची. "सांग कसा आहे." मी म्हणायचे, "जळका." ती वैतागायची. "जळका म्हंजे कसा? गूळ लागल्यासारखा, का केस जळल्यासारखा, का ओलं लाकूड?" त्या दोन-अडीच वर्षांत तिने माझ्याकडून नाकाची घोकंपट्टी करून घेतली. फुगत्या बॅटरीचा गोड वास मला यायला लागला तेव्हा तिने दामलेकाकांसकट सगळ्यांना कांदाभजी खिलवली आणि स्वतःही खाल्ली. तिला चव कितपत लागत होती कोण जाणे. नवे फोन तिला मुळीच आवडत नसत. सगळे डिंकाने चिकटवलेले, गरम करून सोलून काढायचे. "हे उघडाले बनवलेच नाही," ती म्हणायची. कुणी जुना बटणांचा सेट आणला की मात्र तो तिच्याकडेच जायचा. डोकं किंचित कलतं करून ती त्याचे स्क्रू ताटलीत मांडत बसायची, आणि मी मनात म्हणायचे, सुटलो आपण.

सुटलो नव्हतो. एका दुपारी डबा खाताना तिचा घास हातातच राहिला. चेहरा एकदम उजळला. म्हणजे खरंच, लहान मुलासारखी हरखली ती. "वैशू, वास आला!" म्हणाली. माझ्याही तोंडून निघून गेलं, "काय सांगतेस! कसला?" आणि शब्द बाहेर पडताच मला आणि तिला एकदमच कळलं की कसला. आम्ही दोघी डब्याकडे बघत बसलो. भाजी मेथीची होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आधी आनंदच झाला, पाह्य. इतक्या दिवसानं काहीतरी आलं नाकात." आणि डबा बंद केला.

गाठ परत आली होती, आणि आता आणखी आत गेली होती. डॉक्टर म्हणाले, पुन्हा काढता येईल, दिवस वाढतील, पण बोलण्यावर आणि आठवणीवर परिणाम होणारच. दिलीपराव माझ्याकडे आले. साधा, कमी बोलणारा माणूस, कंपनीत पाळीवर जाणारा. म्हणाले, "ताई, ती तुमचंच ऐकते. तिला तयार करा." मी गेले आणि जे जे सुचलं ते बोलले. भांडले. तिने सगळं ऐकून घेतलं. "तूच सांग," ती म्हणाली, "एकाच जागी दुसऱ्यांदा हीट दिली की काय होते?" बोर्डाच्या खालचे तांब्याचे ठिपकेच निघून येतात, मग त्यावर काही बसत नाही, हे मला तिनेच शिकवलेलं. "पहिल्यांदा उघडलं तवा नाक द्यावं लागलं. दिलं. आता तुमचे नावं मागून राह्यले. दिलीपचं नाव, तुह्यं नाव. ते मी नाही देणार. दिवस कमी मिळाले तं मिळू दे." मी म्हटलं, "आम्हाला काय करायचीयत गं नावं? तू हवीस." ती म्हणाली, "नावाशिवाय मी म्हंजे कोण?" मला तिचा संताप आला होता. खोटं कशाला बोलू, आजही येतो. तिचा निर्णय बरोबर होता असं सगळे म्हणतात. असेल. मला ती आणखी एक दिवाळी हवी होती, नाव विसरलेली का होईना.

शेवटचे काही आठवडे मी रोज दुकान लवकर बंद करून वारज्याला जायचे. ती खिडकीजवळच्या कॉटवर पडून असायची. वास आता वारंवार यायचा. आला की ती डोळे उघडायची आणि माझ्याकडे नाही तर दिलीपरावांकडे बघून विचारायची, "तुले येऊन राह्यला का?" आधी आधी मला वाटायचं, हो म्हणावं, तिला एकटं वाटू नये. पण दिलीपराव नेहमी खरं तेच सांगायचे. "नाही गं. मला नाही येत." आणि तिचा चेहरा सैल व्हायचा. "बरं झालं," ती म्हणायची. "मंग घर नाही जळून राह्यलं." मी तिला शेवटची भेटले त्या संध्याकाळी तिने मलाच विचारलं. मी खिडकीपर्यंत जाऊन आले, नीट हुंगलं, आणि म्हटलं, "नाही येत, कुसुम." तिने माझं नाव घेतलं. पूर्ण नाव, वैशाली. एरवी ती कधीच तसं म्हणत नसे. मग डोळे मिटले. मी घरी आले, आणि दुसऱ्या दुपारी तो फोन आला.

गेल्या आठवड्यात मी दुकानात एकटी होते. सकाळी नुकतंच शटर वर केलं होतं. एका सेटची चार्जिंगची पिन बदलत होते आणि जळका वास आला. रोजचा नव्हे. कापड करपल्यासारखा, वेगळा. माझे हात जागच्या जागी थांबले. या धंद्यातलं माणूस जळका वास आला की आधी आयर्नकडे बघतं. मी बघितलं नाही. बघवेना. तिथे काहीच जळत नसेल तर... असं वाटून मी समोरच्या काचेकडे बघत बसले. दामलेकाका नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र घेऊन पायरीपाशी आले होते. मी त्यांना हाक मारली. "काका, वास येतोय का हो?"

म्हातारा माणूस, पायरीवर एक पाय ठेवून तसाच उभा राहिला. टोमणा मारला नाही. डोळे मिटून बराच वेळ हुंगत राहिला. "येतोय हो, ताई," ते म्हणाले. "येतोय नक्की." पण कुसुमलाही सगळे येतोयच म्हणत होते. मला ते पुरेना. मी मेन स्विच बंद केला आणि टेबलावरची एकेक वस्तू उचलून काकांच्या हातात द्यायला लागले. हीट गन, मीटर, ब्रशांचा डबा, भिंग, उघडा सेट. काका काही न विचारता ते सगळं पायरीवर मांडत होते. टेबल जवळजवळ रिकामं झालं तेव्हा आयर्नच्या स्टँडखाली दबलेलं पुसायचं फडकं निघालं. त्याचं टोक काळं पडलं होतं आणि कडेने एक बारीक लाल रेघ सरकत होती. "हे काय, सापडलं की!" काका म्हणाले. मी त्या लाल रेघेवर बोट ठेवलं. चांगला चटका बसला. काका 'अहो, अहो' करत पाणी आणायला धावले आणि मी ते बोट दुसऱ्या हातात धरून, ती गेल्यापासून पहिल्यांदाच, मोठ्याने रडले. बोटाला फोड आलाय. मलम लावलं की जाईल, असं घरचे म्हणतात. अजून लावलेलं नाही.